मागची सीट

सोमवार, ३ तारीख
गाडी आली! माझी स्वतःची, पहिलीवहिली मोटारसायकल. दुसऱ्याच्या हातची आहे, पण हौस काही सेकंडहँड नाही. या गावात येऊन आठवडा झाला नाही, निम्मे खोके अजून बांधलेलेच आहेत, आणि दाराशी गाडी उभी. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली म्हणजे टाक्या, विहिरी, पंपघरं पालथी घालणं आलं. तिकडे बस जात नाही.

विकणारे एक निवृत्त मास्तर आहेत. गाडी चालवत आणतील असं वाटलं होतं, तर घामाघूम होऊन ढकलत आणली. पेट्रोल संपलं का विचारलं, तर नाही म्हणाले. किल्ली माझ्या हातात ठेवली, कमरेवर हात देऊन पाठ ताठ केली, हाडं कडकडा वाजली, आणि मग ते रडायलाच लागले. बाबा म्हणाले, जुनी गाडी म्हणजे घरचं माणूस, जीव तुटणारच. मलाही गलबलून आलं.

बाबांनी चष्मा लावून गाडीची सगळी तपासणी केली. ते कारखान्यात फिटर होते. आई गेल्यापासून आज पहिल्यांदा त्यांनी आपणहून पाना हातात घेतला. निकाल असा, की इंजिन ठणठणीत, चेन कोरडी, ब्रेक ढिले, आणि भाव वाजवी. एक गंमत मात्र त्यांनी दाखवली. लांब सीट पुढच्यापेक्षा मागच्या बाजूला जास्त दबली आहे. मास्तरांनी तर सांगितलं होतं, गाडी मी एकट्यानंच वापरली, मागे कधी कोणी बसलं नाही. बाबा म्हणाले, मग मास्तर मागे बसूनच चालवत असतील. आम्ही दोघं हसलो. बऱ्याच महिन्यांनी हसलो.

गुरुवार, ६ तारीख
शिकवणी सुरू. क्लच सोडला की गाडी बंद, पुन्हा क्लच, पुन्हा बंद. कोपऱ्यावरचा दूधवाला रोज उभा राहून बघतो, फुकटचा तमाशा कोणाला नको! बाबा मागे बसून शिकवतात. तोंडाने सांगितलेलं वाऱ्यात ऐकू येत नाही म्हणून आमची खूण ठरली आहे: उजव्या खांद्यावर दोन थापा, म्हणजे गिअर उतरव.

आज मात्र मी त्यांच्यावर चिडले. मागे एवढी जागा असून ते पुढे पुढे सरकत होते. मला पार पेट्रोलच्या टाकीवर नेऊन बसवलं. म्हटलं, बाबा, मागे अख्खं मैदान मोकळं आहे, सरका की! म्हणाले, सरकता येत नाहीये गं. वयाचा हट्ट, दुसरं काय.

संध्याकाळी चेन घासली, तेल दिलं. नखं काळी झाली आणि फार बरं वाटलं. बाबांना त्या जुन्या घरात भिंतीकडे बघत ठेवायचं नाही म्हणून मी इथे आणलं. आता या जगात आम्ही दोघंच एकमेकांना. ते पुन्हा माणसात आले तर मला दुसरं काही नको.

मंगळवार, ११ तारीख
गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याला सगळे वस्ताद म्हणतात. हात कमी, तोंड जास्त. त्याने मागचे शॉकअप दाखवले, स्प्रिंग पार बसलेली, तेल गळून गेलेलं. टायरही मागचंच गुळगुळीत. म्हणाला, कायम डबल सीट चालवता वाटतं. म्हटलं, बाबा दोन-तीनदा बसले असतील, एरवी मी एकटीच. त्यावर डोळे मिचकावून म्हणतो कसा, काळजी करू नका ताई, मी कशाला बाबांना सांगतोय! असा राग आला. पण गाडी त्याच्या हातात, करते काय.

शॉकअप, टायर, मागचे ब्रेक लायनर, सगळं नवं घातलं. काढलेले भाग त्याने पिशवीत घालून माझ्या हाती दिले. पार्ट बदललाच नाही असं नंतर कोणी म्हणू नये म्हणून गॅरेजवाले देतातच. लोक ते भंगारात टाकतात. पण आमच्या बाबांना टाकणं माहीत नाही. ठेव, कधी ना कधी कामाला येतं, हे त्यांचं घोषवाक्य. पुसून, तेल लावून, सगळं गॅलरीत ओळीने मांडलंय.

रविवार, १६ तारीख
लिहू की नको असं झालंय. वाचणारी मीच, तेव्हा लिहिते. पाण्याच्या टाकीच्या उतारावर ब्रेक दाबला की पाठीला काहीतरी टेकतं. मागे बसलेलं माणूस ब्रेक लागल्यावर जसं पुढे येऊन आपटतं, अगदी तसं. वळून बघितलं तर कोणी नाही. नवे शॉकअप असून चढावर गाडीचं मागचं बूड खाली बसतं.

नव्या चालकाचे भास असतील. तरी आज एक काम उरकून टाकलं. नमुन्याच्या बाटल्यांसाठी कॅरिअर हवंच होतं. लांब सीट काढून एकट्याची छोटी सीट घातली, मागे कॅरिअर, त्यावर पेटी. जागाच नाही तर बसणार कोण? वस्तादने जुनी सीट माझ्या हातात दिली. ती मी कडेवरच्या पोरासारखी सांभाळत घरी आणली.

शुक्रवार, २१ तारीख
काय हलकी झालीय गाडी! चढ असा चढते, की दुसऱ्या गिअरवरही उतरावं लागत नाही. पाच दिवसांत पाठीला काही टेकलं नाही.

बाबांनी जुन्या सीटचं सोनं केलं. सामानाच्या लाकडी खोक्यावर ती ठोकून गॅलरीत बाक बनवला. सकाळचा चहा तिथेच. मी खूष, ते खूष. बसतात मात्र घोड्यावर बसल्यासारखे, दोन्हीकडे पाय टाकून, अगदी पुढच्या टोकाला. मी कप घेऊन मागे बसायला गेले तर पटकन म्हणाले, तिथं नको. का, विचारलं. जरा गोंधळले. माहीत नाही, म्हणाले.

बुधवार, २६ तारीख
बाबा वाकले आहेत. पाच दिवसांत एवढं कसं वाकतं माणूस? डॉक्टरने फोटो काढला, हाडं ठीक म्हणाला. वर तंबी दिली की या वयात ओझी वाहू नका. बाबा दिवसभर बसलेलेच असतात. ओझं कसलं?

इस्त्री करताना त्यांचे शर्ट पाहिले. कमरेशी, दोन्ही बाजूंना, कापड मुठीत धरून चुरगळल्यासारखं. मागे बसलेलं माणूस धरतं तिथेच. इस्त्री फिरवली तरी चुण्या जात नाहीत. खोक्याची मागची फळीही मोडली.

मला भीती वाटतेय.

शनिवार, २९ तारीख
मास्तरांना फोन केला. हॅलो म्हणायच्या आधी त्यांनी विचारलं, सीट कुठे आहे? घरात, म्हटलं. मग म्हणाले, मीही एकदा घरात नेली होती, पोरी. तेव्हा आम्ही दोघं होतो.

फोन ठेवला त्यांनी. पुन्हा लागत नाही.

सीट टाकून देऊ या म्हटलं, तर बाबा लहान मुलासारखे तिला धरून बसले. आई गेल्यावरही इतके रडले नव्हते. म्हणाले, मी उठलो तर ते तुझ्याकडे येईल.

रविवार, ३०
सकाळी ते अंघोळीला गेले. खिळे उपटले, कॅरिअर उतरवून सीट गाडीवर चढवली, छोटी सीट पिशवीत घेतली. यायचं तर माझ्यावर येऊ दे. माझी पाठ तरणी आहे.

गावाबाहेरच्या खाणीपर्यंत गेले. वाट पाहत होते पाठीला टेकायची. काही टेकलं नाही. वाटलं, सुटलो. सीट काढून खाणीच्या पाण्यात ढकलली. छोटी सीट लावून परतले. येताना मी गात होते. गात होते मी!

बाबा गॅलरीत नुसत्या खोक्यावर बसलेले. कपाळ गुडघ्यांना टेकलेलं. केस ओले. मला वाटलं, डुलकी लागली.

शर्ट दोन्ही बाजूंनी आवळलेला.

सरळ करता येईनात. चौघांनी धरूनही—

तारीख बघितली नाही
सीटचा प्रश्नच नव्हता. ती त्याची नुसती जागा होती. मी जागा काढली आणि त्याला बाबा दिले. आणलं कोणी घरात? मी. दोन्ही हातांनी धरून.

गुरुवार
रजा संपली. गाडी काढली. स्टँडवरून उतरवतानाच मागून खाली बसली.

वस्तादने शॉकअप पाहिले आणि भडकला. आज डोळे मिचकावले नाहीत. एवढ्याशा सीटवर ट्रिपल सीट बसता, लाज नाही वाटत, मराल एक दिवस! मी विचारलं, तिघं कशावरून? त्याने स्प्रिंग दाखवली, टायर दाखवलं. इतकं वजन दोघांचं नसतं, म्हणाला.

घरी येताना उतारावर पाठीला टेकलं. ओळखीचं. साबणाने धुतलेल्या हातांचा— नाही, नुसता तेलाचा वास. बाबांच्या हातांचा.

मग उजव्या खांद्यावर दोन थापा.

मी गिअर उतरवला.

शनिवार
गिऱ्हाईक आलं. नवी नोकरी लागलेली मुलगी, माझ्याचसारखी हरखलेली. मी गाडी ढकलत तिच्या दारापर्यंत नेली. किल्ली पुढे केली. एवढंच करायचं होतं. माझी पाठ ताठ झाली असती, मास्तरांसारखी रडले असते, झालं.

पण मग बाबा? बाबांना कोणाच्या मागे पाठवू? अनोळखी पोरीच्या पाठीला टेकून, मागे ते धरून बसलेलं—

किल्ली खिशात घातली. विकायची नाही म्हटलं. ती रागाने काहीतरी बोलली.

परत ढकलत आणली.

सोमवार
कामावर गेले नाही. सरळ उभं राहता येत नाही.

त्याला गाडी लागत नाही आता. खुर्ची पुरते.

मंगळवार
खुर्चीच्या अगदी कडेवर बसून लिहितेय. मागे जागा आहे. सरकता येत नाही. खरंच सरकता येत नाही, बाबा, मी उगाच चिडले होते—

टेबलाची कड पोटात रुततेय. कमरेशी कुर्ता आवळला जातोय, दोन्हीकडून. हे हात बाबांचे. त्यांना धरायचं नाहीये, पण त्यांच्या मागचं ते पुढे सरकतंय, म्हणून ते—

खांद्यावर दोन थापा. पुन्हा दोन. बाबा, उतरवला गिअर, आता खाली गिअरच नाही, आता कुठे—

पुन्हा दोन

बाबा मागे सरका ना थोडं मला श्वास