एका बाईच्या दोन फायली

नांदेड, रविवार

प्रिय आलोक,

फोनवर तू मध्येच हसवतोस आणि माझं म्हणणं राहून जातं, म्हणून हे पत्र. लग्नाआधी तुझ्याकडून एक गोष्ट कबूल करून घ्यायची आहे. पण आधी दवाखान्याचं ऐक. लातूरला निवांत बसलेल्या माणसानं एवढं तरी सोसावंच.

आमच्या दवाखान्यातली माहिती पुढची पाच वर्षं कशी सांभाळायची, याचा आराखडा माझ्या गळ्यात पडलाय, हे तुला माहीत आहेच. बैठकीत कुणाला नवे संगणक हवेत, कुणाला भिंतभर पडदा. आमच्या मोठ्या डॉक्टरांना, मन्मथ सरांना, सगळंच मोबाइलवर हवंय. त्यांना स्वतःचा चष्मा मात्र सापडत नाही.

अशात नायगावची महादेवी ताप घेऊन भरती झाली. संगणकात तिची जुनी नोंद नव्हती, म्हणून नर्सनं इंजेक्शन भरलं. तेवढ्यात तिची आई "गोदे, ए गोदे" करत आत आली. इथं गोदा कुणी नाही, असं नर्सनं सांगितलं, तर म्हणाली, "न्हाई कशी? ही काय माझी गोदावरी. महादेवी सासरचं नाव हाय. अन् ती सुई नका देऊ बाई, लग्नाआधी इथंच दिली तवा अंगभर गांधी उठल्या व्हत्या." मी गोदावरी नावानं शोधलं. तेच इंजेक्शन देऊ नये, असं तांबड्या अक्षरांत लिहिलेलं होतं. बाई एकच आणि आमच्याकडे पेशंट दोन. नर्सनं भरलेली सुई बाजूला ठेवली. महादेवी आता ठणठणीत होऊन घरी गेलीय.

त्यामुळे आराखड्यात पहिलं कलम संगणकाचं नाही, एका प्रश्नाचं आहे: माहेरचं नाव काय? मन्मथ सर आधी हसले, मग दोन्ही फायली पाहून सही केली. काल एका आजींना ते पटकन आठवेना. शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांनी सांगितलं, तशा त्या तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

परवा काकूंचा, म्हणजे तुझ्या आईचा, फोन आला होता. तुझ्या नावाला शोभतं म्हणून त्यांनी माझं नाव अलका ठरवलंय. इतक्या मायेनं सांगत होत्या की मला नाही म्हणवेना. त्यांच्यावर माझा राग नाही, पण मला अलका व्हायचं नाही. ताटातल्या तांदळांत अंगठीनं नाव तू लिहिणार आहेस, तर भार्गवीच लिही. आणि काकूंना हे आधीच सांग, मांडवात नको.

तुझीच,
लग्नाआधीची आणि नंतरचीही
भार्गवी