तिसऱ्या हंगामातली लेक

वलगाव,
२९ सप्टेंबर २०२५

ती. सौ. करिश्माताईस,
कुंदनचा शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याच्या झेंडूसोबत टेम्पोत एक बिस्किटांचा डबा पाठवला आहे. त्यात बिस्किटं नाहीत हे आधीच सांगतो, नाहीतर शेखर भाऊजी माझ्या नावाने बोटं मोडतील. त्यात माझा खेळ आहे. ज्याच्यापायी आई मला दोन वर्षं वेडा म्हणते आहे, तोच. नाव ठेवलं आहे 'वावर'.

नियम पानांवर लिहिले आहेत, तरी थोडक्यात सांगतो. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. चार-पाच जणांनी बसायचं आणि प्रत्येकाने वऱ्हाडातल्या एका शेतकरी घरातलं एकेक माणूस व्हायचं. बाप, भाऊ, लेक, सालदार. प्रत्येक माणसाचं एक पान, त्याचा हिस्सा आणि कमाई त्यावर लिहायची. एक जण सूत्रधार. तो सांगतो की संत्र्यावर कोळशी पडली, झाडं काळी पडली, आता काय करता? मग ज्याने त्याने आपल्या माणसाच्या तोंडून बोलायचं, बेत सांगायचा. बेत जमला की फसला ते फासे ठरवतात. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा मित्रांसोबत असे खेळ खूप खेळलो, पण त्यांत सगळे राक्षस आणि किल्ले परदेशातले. म्हटलं, आपल्या काळ्या मातीत काय कमी आहे?

डिसेंबरात पुण्याला असे खेळ बनवणाऱ्यांचा मेळावा आहे. त्याआधी मी जवळ नसताना तो कोणी खेळून पाहायला हवा. तू सूत्रधार हो. काय खटकलं ते लिहून कळव. फोन नको. फोनवर आपण दोघंही ओरडतो आणि आईचा बीपी वाढतो.

खुशालकाका म्हणत होते, दिवाळी झाली की हक्कसोडीचं उरकून टाकू. बाबांच्या मागे सातबाऱ्यावर आई, तू आणि मी अशी तिघांची नावं लागली आहेत. तुम्ही दोघींनी सही केली की वावर माझ्या नावावर येईल आणि पुढची कामं सोपी होतील. तुला एकच दिवस यायचं आहे. साडी आई आत्ताच पाहून ठेवते आहे.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा
कुंदन


जुने शहर, अकोला,
६ ऑक्टोबर २०२५

चि. कुंदन यास,
अनेक आशीर्वाद.

दसरा पार पडला. झेंडू चांगला गेला, शेवटी शेवटी माल कमी पडला. हात मोकळे झाल्यावर तुझा डबा उघडला. खेळायला आम्ही चौघं बसलो. मी सूत्रधार, माझे सासरे मामाजी बाप, तुझे भाऊजी भाऊ, आणि आमच्या फुलांच्या दुकानाशेजारी हार ओवणारी रागिणी लेक झाली.

आधी चांगलं ते सांगते. खेळ पकड घेतो. कधी चार माणसांत न बोलणाऱ्या मामाजींनी कृषी केंद्रवाल्याची अशी हजेरी घेतली की गल्लीतली पोरं दारात जमली. आणि रागिणी! तिने पहिल्याच हंगामात शेवंती लावली, दुसऱ्यात ठिबक बसवलं, व्यापाऱ्याला टाळून माल थेट अकोल्याला आणला. सगळं घर तिच्या फाशांवर चाललं होतं. हे नुसते बांधावर बसून विड्या ओढत होते. म्हणजे खेळात.

मग तिसरा हंगाम लागला आणि मी तुझा चौथा नियम वाचला. लेकीचं लग्न होतं. तिचा हिस्सा आपोआप भावाच्या पानावर चढतो. तिने यापुढे वर्षातून एकदा, भाऊबीजेला, माहेरी येऊन एक फासा टाकायचा. बस्स. रागिणी मला विचारते, मंग मी आता काय करू व ताई, बसून राहू का? मी सगळी पानं उलटीपालटी केली. लेकीने पुढे काय करायचं ते तू कुठेच लिहिलेलं नाहीस. शेवटी ती बिचारी उठली आणि आमच्या सगळ्यांसाठी चहा मांडायला गेली. माझ्या घरात, पाहुणी असून! मला इतकी शरम वाटली आणि इतका राग आला की फासे भिंतीवर फेकावेसे वाटले.

तुझ्या भाऊजींना तर खेळच उरला नाही. न राबता वावर दुप्पट झालं, मग फासा टाकायचा कशाला? म्हणजे नियम म्हणूनही तो कुचकामी आहे. एकाला उठवतो आणि दुसऱ्याला आळशी करतो.

आणखी एक. तुझ्या डब्यात बैलाचंही पान आहे. तो थकतो, रुसतो, त्याच्यासाठी शेवटच्या हंगामापर्यंत फासे पडतात. कुंदन, तुझ्या खेळात बैल शेवटपर्यंत खेळतो आणि लेक तिसऱ्या हंगामात उठते. लिहिताना तुझ्या हाताला काहीच खटकलं नाही?

खुशालकाकांना सांग, मी सहीला हो म्हटलेलं नाही. मला अजून कोणी विचारलेलंच नाही. साडीचा रंग तेवढा विचारलाय.

आईची गोळी चुकवू नकोस. राग आहे, तरी माया आहेच.

तुझी
ताई


वलगाव,
११ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खटकलं ते लिही म्हटलं होतं, पंचनामा कर म्हटलं नव्हतं. तुझं पत्र वाचून दिवसभर डोकं फिरलेलं होतं. मजुरांवरही उगाच खेकसलो.

चौथा नियम मी बनवलेला नाही. तो वलगावात आहे, तिवशात आहे, तुझ्या अकोल्यातही आहे. मी फक्त कागदावर उतरवला. पुण्याच्या लोकांना आपल्याकडचं खरं घर दाखवायचं तर ते खरंच दाखवायला नको का? खोटी रंगरंगोटी मला जमत नाही. आणि खेळातली गोष्ट घरात आणू नकोस, एवढं मी तुला हात जोडून सांगतो.

राहिला घराचा विषय. बाबा पडले तेव्हा नोकरी सोडून कोण आलं? त्यांना उचलून अमरावतीच्या दवाखान्यात कोण नेत होतं? फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उन्हात मी फिरतो, आईच्या खोकल्याला मी उठतो. तू दिवाळीला येतेस, दोन दिवस राहतेस, कोथिंबीर आणि वांगी भरून नेतेस. नेऊ नको असं मी कधी म्हटलं नाही. पण मग बैलाशी तुलना करून मला टोचू नकोस. तुझ्या लग्नात बाबांनी हात आखडला नव्हता, हेही आठव.

काका म्हणतात, पोरीनं सही केली नाही तं माहेर तुटते. मी असं म्हणत नाही. पण गावात तोंड दाखवायचं असतं ते मला, तुला नाही.

रागात काही जास्त लिहिलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाल आणि लोभ कमी करू नकोस.

कुंदन


जुने शहर, अकोला,
१५ ऑक्टोबर २०२५

चि. कुंदन यास,
अ. आ.

तू बाबांचं केलंस, ते मी कधीच नाकारणार नाही. गल्लीभर सांगते मी, माझा भाऊ असा आहे म्हणून. पण ते केल्याचं मोल म्हणून माझा हिस्सा कापून घ्यायचा असेल, तर तसं सरळ मला सांग. काकांच्या आडून नको.

आणि माझं काय आठवतं तुला? तू शाळेत होतास तेव्हा शेवंतीचे वाफे मी पाडायचे. लोड शेडिंगच्या दिवसांत पहाटे लाइट आली की मोटर मी सुरू करायचे. वावराच्या कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठे मुरूम लागतो, हे अजून मला पायाला कळतं. इथे दुसऱ्यांची फुलं विकत घेऊन विकताना माझा जीव तुटतो, कारण मला लावता येतात. माझ्या मनात काय आहे ते आता स्पष्ट लिहिते, म्हणजे पुन्हा म्हणायला नको की सांगितलं नाही. मला माझ्या हिश्श्यात शेवंती लावायची आहे. हौस म्हणून नव्हे, धंदा म्हणून. ह्यांचंही त्याला हो आहे.

सहीवाचून तुटेल ते माहेर मला राखता यायचं नाही. पण तुला मी भांडून समजावणार नाही. भाऊबीजेला येशील तेव्हा ओवाळणीचं पाकीट आणू नकोस. तुझा डबा इथेच आहे. आमच्यासोबत खेळायला बस आणि लेक हो. तू कायम सूत्रधार असतोस, म्हणून तुला खाली बसलेल्यांचं कळत नाही.

पुरणपोळी करते. उपाशी ये.

तुझी, अजून तरी तुझीच,
ताई


वलगाव,
१ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेहून न जेवता निघून आलो, याबद्दल आईने माझी चांगलीच खरडपट्टी काढली. पण तुम्हीही कमी केलं नाही. मामाजी, भाऊजी, रागिणीताई, सगळे मिळून एकट्याला घेरून बसला होतात.

खरं सांगतो, तिसरा हंगाम येणार हे मला ठाऊक होतं. मीच लिहिलेला आहे तो! तरी तू चौथा नियम वाचलास आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन हंगाम मी विहीर खोदत होतो. पाणी लागेना, फासे उलटे पडत होते, हट्टाने खोदली. पाणी लागलं आणि तू म्हणालीस, लेकीचं लग्न झालं, विहीर भावाच्या पानावर. मी ओरडलो ते मला ऐकू आलं, मी खोदली ना विहीर, मंग मी काहून उठू? भाऊजींनी चहाचं पातेलं माझ्या हातात दिलं आणि सगळे हसले. तू मात्र हसली नाहीस. त्याचाच मला जास्त राग आला. बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनातल्या मनात तुला बोलत होतो.

पण तुझंच बरोबर निघालं. घरी आल्यावर चौथा नियम खोडला. आता लेकीचं लग्न झालं तरी तिचा हिस्सा तिच्याच पानावर राहतो. ती सासरहून येऊन पिकवू शकते, अर्ध्या वाट्यावर बटईने देऊ शकते, भावाशी भांडू शकते. अमरावतीच्या मित्रांना खेळायला बोलावलं. काय रंगला खेळ, ताई! कोणीच उठलं नाही. भावाला आता मेहनत करावी लागते आणि लेकीच्या पाळीला सगळे श्वास रोखून बसतात. पुण्यात हा खेळ गाजणार.

एकदा माणूस कमी होतं म्हणून आईलाही बसवलं. तिला लेक दिली. गंमत म्हणजे ती हिस्सा सोडायलाच तयार होईना. भाऊ झालेल्या काकांनी किती गोड बोलून पाहिलं, साडी देऊ केली, सोन्याचं आमिष दाखवलं. ही आपली पान छातीशी धरून बसली, म्हणे मी नाई देत. आम्ही पोट धरधरून हसलो.

नियमांच्या पुस्तकात नव्या चौथ्या नियमाखाली तुझं नाव छापणार आहे. तो तुझाच आहे.

हो, काकांनी अकरा तारखेची वेळ घेतली आहे, मंगळवारी, अमरावतीच्या रजिस्ट्री ऑफिसात. आधार कार्ड आणि दोन फोटो आण. आईचंही त्याच दिवशी करून घेऊ. आता तुझ्या मनात किंतु राहिला नसेल. माझी चूक मी मान्य केली आणि सुधारलीही. तेव्हा पहिल्यासारखा लोभ सुरू कर.

तुझा
कुंदन


जुने शहर, अकोला,
५ नोव्हेंबर २०२५

कुंदन,

आशीर्वाद मागून लिहीन. आधी हे वाच.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवायला घेतलं होतं. विहिरीचं तर दोनदा वाचून दाखवलं. म्हटलं, भाऊ माझा, चिडला, पण कळलं त्याला. मग शेवटचा परिच्छेद आला आणि मला पुढे वाचता येईना. ह्यांनी कागद हातातून घेऊन स्वतः वाचला आणि दुकानावर निघून गेले.

जी लेक जगातच नाही, तिला तू न्याय दिलास. तिच्यासाठी नियम खोडलास, मित्र जमवून खात्री करून घेतलीस. आणि त्याच पेनाने मला लिहितोस की दोन फोटो आण. पुस्तकात माझं नाव छापतोस आणि सातबाऱ्यावरून काढतोस! तुझ्या चार तासांच्या विहिरीसाठी तू माझ्या घरात ओरडलास. मी इतकी वर्षं ओरडले नाही, म्हणून तुला वाटलं की मला काही होतच नाही.

आणि आईवर हसलात. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून ती पहिल्यांदा नाही म्हणाली, तेही पान हातात होतं म्हणून. समोर कोण बसलं होतं? काका. काय देत होते? साडी. ती खेळत नव्हती रे. तुझ्या समोर बसून तुलाच सांगत होती आणि तू पोट धरून हसत होतास.

मी सही करणार नाही. अकरा तारखेला मी येईन, पण ऑफिसात नाही. सकाळच्या एस.टी.ने वलगावला उतरून सरळ वावरात जाईन. तूही ये. काकांना आणू नकोस. आईला आण, आणि येताना वाटेत तिला काही पढवू नकोस. कोणाचा हिस्सा कुठून कुठे, ते आपण तिघं बांधावर उभं राहून ठरवू. ठरलं नाही तर मोजणीचा अर्ज मी करीन. तुझ्या बाजूला रोप लावायला मजूर कमी पडले तर मी येईन, माझ्या बाजूला तू ये. नाही आलास तरी मी लावणार आहे.

पुस्तकातलं माझं नाव काढून टाक.

तब्येतीला जप, ऊन अजून कडक आहे. अनेक आशीर्वाद. लोभ असावा, ही विनंती. हिस्सा आहेच, त्याची विनंती नाही.

करिश्मा