बुडालेल्याला वन्स मोअर

रविवार, डोंबिवली

फिटली हौस. दर्यावरच्या एका जुन्या कवितेचं संगीत नाटक करायला निघालेले मी!

आज शेवटच्या गाण्यात खलाशी बुडाला, निळं कापड त्याच्यावर पसरलं आणि प्रेक्षक ओरडले, "वन्स मोअर!" मी विंगेतून नको नको म्हणतेय, तर आमचा दिग्दर्शक सुहास म्हणतो, "अगं, पब्लिक मागतंय!" खलाशी निळं कापड सारून उठला, गायला, परत बुडाला. नालायक कुठले! माझा दादा बोटीवर नोकरीला होता. समुद्रात पडला तो सापडलाच नाही. त्याच्यासाठी लिहिलेलं ना हे?

सुहासला झापायला वळले, तेवढ्यात पहिल्या रांगेत आई दिसली. बाकी सगळे गप्प झालेले. ती उभी राहून त्या निळ्या कापडाकडे बघत एकटीच ओरडत होती, "वन्स मोअर! वन्स मोअर!"