हात केला तरी थांबायचं नाही

१३ जानेवारी, सोमवार

नापास. ठाण्याच्या सिटी बसची ड्रायव्हरची परीक्षा. गिअर, रिव्हर्स, सिग्नल – सगळं बिनचूक. शेवटच्या रस्त्यावर एका बाईने हात वर केला आणि मी बस थांबवली. थांबा नव्हता. ती रिक्षाला हात करत होती. मागे हॉर्नवर हॉर्न. साहेब म्हणाले, "ही काय गावची जीप आहे का?"

पंधरा दिवसांनी पुन्हा एक संधी. शेवटची.

सहा वर्षं खोडाळा–जव्हार जीप चालवतोय. हात दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो. पायाला कसं समजावायचं?

१४ जानेवारी

बायकोला, हर्षदाला सांगितलं. या नोकरीच्या भरवशावर ती यंदा वीटभट्टीवर गेली नाही. पुन्हा नापास झालो तर तिला भिवंडीला भट्टीवर जावं लागेल, पार पावसाळ्यापर्यंत. वाटलं, रडेल. ती हसत सुटली. मग म्हणाली, "चुलीतली राख आण."

खळ्यावर राखेने रस्ते आखले. चौकोन म्हणजे थांबा. माझ्या हातात ताट, ते स्टिअरिंग. लाल फडकं आणि आंब्याची डहाळी घेऊन हर्षदा सिग्नल. पाड्यातले बाकीचे प्रवासी. चौकोनाबाहेर हात करणाऱ्यासाठी थांबलो की पाच उठाबशा.

आज पंचावन्न काढल्या.

१७ जानेवारी

आता अख्खा पाडा रोज येतो. तुळशीआजी राखेवर आडवी पडली. "मरते रं मी, दवाखान्यात ने." थांबलो. ती उठली, पदर झटकला. "चल, काढ उठाबशा."

जीपचे मालक बारक्याकाका ओरडले, "रूपेश, तुझा सासरा आलाय, कोंबडा घेऊन!" मी मान वळवली नाही. ताट धरून सरळ पुढे गेलो.

सासरे खरंच आले होते. कोंबडा घेऊन.

१८ जानेवारी

सासऱ्यांचा राग गेला. तेही खेळले. त्यांच्यासाठीही थांबलो नाही.

२१ जानेवारी

घोटाळा! आज खऱ्या जीपवर. रखमीमावशी डोक्यावर नागलीचं गाठोडं घेऊन वळणावर उभी. तिने हात केला आणि मी पुढे निघून गेलो. मागचे ओरडले, "अरे, रखमी राहिली!" रिव्हर्स घेतला. चढता चढता ती म्हणाली, "आत्ताच ठाण्याचा झालास का रं?" सगळे हसले. मीही हसलो. पण पाय थांबायचं विसरला तर इथली नोकरीही जाईल.

हर्षदा म्हणाली, "जीप चपलेत चालव. बस बुटात."

२४ जानेवारी

तीन दिवस बूट घालून खेळलो. चपलेत पाय थांबतो, बुटात थांबत नाही. दोनदा तपासून लिहितोय. आज उठाबशा एकही नाही. तुळशीआजी नाराज.

२८ जानेवारी, मंगळवार

पास.

शेवटच्या रस्त्यावर एक माणूस दोन्ही हात हलवत होता. पुढे गेलो. थांब्यावर बरोबर थांबलो. साहेबांनी विचारलं, "सराव कुठे केलास?" म्हणालो, "खळ्यावर." त्यांना काही कळलं नाही. हर्षदाला फोन केला. तिकडे इतका गलका की ती काय म्हणाली ते ऐकूच आलं नाही. एक तारखेला हजर व्हायचंय.

३० जानेवारी

हर्षदाने आज जव्हारला जाऊन लर्निंग लायसन्सची परीक्षा दिली. मला सांगितलं नव्हतं. तिची सगळी उत्तरं बरोबर. माझ्या वेळी माझी चार चुकली होती.

"ठाण्यात बाया बस चालवतात का?" तिने विचारलं.

"चालवतात."

"मग खोली बस डेपोजवळच बघ. दोघांना जवळ पडेल."