ठोंब्याचा काढा

१२ जुलै, शनि.
कालच्या इंजेक्शननंतर ठोंब्या रात्रभर ओकला. दुसरंच इंजेक्शन, आणि आत्ताच हे. सकाळी समोर हंसाबेनच्या दारात गेला, भाखरी हुंगली, तशीच टाकून परत आला. जिन्याखालच्या कुत्रीला झाला तेव्हापासून त्यानं ती भाखरी कधी टाकली नव्हती. नाश्ता तिच्याकडे, झोप आमच्याकडे. आम्ही ठोंब्या म्हणतो, ती राजा. दोन्ही हाकांना येतो.
जबड्याखालच्या कॅन्सरच्या गाठी अजून लिंबाएवढ्या.

दुपारी स्वातीकडे फतेगंजला. कॉलेजनंतर पहिल्यांदाच तिच्या घरी. गच्चीवरच्या खोलीत अळंबी वाढवते हे माहीत होतं, पण हे माहीत नव्हतं! लाकडाच्या भुशाच्या पिशव्या टांगलेल्या, आणि एकीवर पंख्यासारखे थर, तपकिरी, राखाडी, कडेला पांढरी रेघ. टर्की टेल. जपानात माणसांना कॅन्सरच्या औषधांच्या जोडीला देतात म्हणाली. कुत्र्यांनाही देतात लोक. कितीतरी वेळ बघत उभी होते. घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

१३ जुलै, रवि.
दिवसभर वाचलं. जेवणही लॅपटॉपसमोर. बाबा: "शुभे, रविवार आहे, डोळ्यांना सुट्टी दे." दिली नाही. अर्धं खरं वाटतं, अर्धी जाहिरात. वेगळं कसं करायचं? ऑफिसात हेच तर करते, वाघोडियाच्या प्लांटमध्ये, औषधांच्या गोळ्यांची तपासणी. सवयीनं पहिला प्रश्न सुचला: यात शिसं किती? अळंबी जमिनीतलं, भुशातलं सगळं ओढून घेते. स्वातीला तिच्या अळंबीचा लॅब रिपोर्ट मागितला. रागावली थोडी. पाठवते म्हणाली.

१४ जुलै, सोम.
ऑफिसातून परस्पर ठोंब्याच्या डॉ. मेघांकडे. वाटलं होतं, हसतील. हसल्या नाहीत.
"इंजेक्शन आणि गोळ्या बंद होणार नाहीत. हे ठरलेलं असेल तरच पुढे बोलू."
ठरलेलंच आहे, म्हटलं.
"मग द्या. पुरावा फार थोडा आहे, आणि गाठी मी इंजेक्शननंच उतरवणार. भूक, ताकद, याला मदत झाली तर झाली. पण काय देताय, किती देताय, सगळं मला सांगायचं. उलटी वाढली, शी पातळ झाली, तर त्याच दिवशी बंद. आणि रानातलं, बागेतलं उचलून आणलेलं बिलकुल नाही."
किती द्यायचं तेही त्यांनीच वजनावरून काढून दिलं. बाहेर पडले तर पाय जमिनीवर नव्हते!

१७ जुलै, गुरु.
स्वातीचा रिपोर्ट आला. स्वच्छ! दोनदा वाचला, मग तिला सॉरी म्हटलं.
तिनं दिलेल्या अळंबीचा पहिला काढा मंद आचेवर. घरभर ओल्या गोणपाटाचा वास. बाबा नाकाला रुमाल लावून पेपर वाचत होते, पण ढवळायला तेच उठून आले दोनदा.

१८ जुलै, शुक्र.
फजिती. पनीरमध्ये घातला, पनीर चाटून काढा थुंकला. दह्यात, तेच. सिरिंजनं दिला तो माझ्या कुर्त्यावर. बाबांनी तोंड धरलं तर ठोंब्या इतक्या दुखावलेल्या नजरेनं बघायला लागला की त्यांनीच सोडलं.
त्याच्या गोळ्यासुद्धा आमच्या हातून जात नाहीत. हंसाबेन तूप लावलेल्या भाखरीत घालते आणि तो न चावता गिळतो. म्हणजे तिच्याशिवाय गत्यंतर नाही. आणि ती पक्की जैन. कांदासुद्धा दाराबाहेर.

तरी गेले. आधी तिला कळलंच नाही काय ते. मोबाइलवर फोटो दाखवला.
"आ तो बिलाडीनो टोप!"
हो, गुजरातीत अळंबीला मांजरीची टोपीच म्हणतात. हसू आलं मला. तिला नाही आलं.
"एमां तो अनंत जीव होय, शुभा. मारा हाथे नहीं थाय."
तिच्या हातून होणार नाही म्हणे. राजासाठी, म्हटलं. तिनं दाराची कडी धरून ठेवली होती. "बीजुं कंई पण कहे." दुसरं काहीही सांग.
दुसरं काय सांगणार?

१९ जुलै, शनि.
रक्ताचा रिपोर्ट वाईट. पांढऱ्या पेशी खूप खाली. आजचं इंजेक्शन दिलंच नाही. पेशी वर आल्या नाहीत तर पुढचंही नाही. आणि इंजेक्शन नाही तर गाठी...
डॉ. मेघा म्हणाल्या, पोटात काहीतरी जायला हवं. घरी येऊन बाबांना हे सांगताना हंसाबेन दारातच उभी होती, सगळं ऐकलं. मग आत गेली.

२० जुलै, रवि.
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.
सकाळी हंसाबेन पांढरी साडी नेसून उपाश्रयात गेली. चातुर्मास आहे, महाराजसाहेब मुक्कामाला आहेत, त्यांनाच विचारते म्हणाली. मी आणि बाबा खिडकीत. बाबा म्हणाले, ते नाहीच म्हणणार, त्यांनी काय म्हणावं दुसरं? मला तेच वाटत होतं.
परत आली तेव्हा जिन्यात गाठलं. काय म्हणाले?
"में पूछ्युं ज नहीं."
विचारलंच नाही? मग एवढा वेळ?
"बेठी हती." नुसती बसून होते म्हणे. मग माझ्याकडे न बघता, "ना पाडी होत तो?" नाही म्हणाले असते तर?

आंघोळ करून तिनं भाखरी केली. अटी तिच्या: तिच्या घरात नाही, तिच्या भांड्यात नाही. काढा आमच्या वाटीत, आमच्या चमच्यानं. दोन दारांच्या मधल्या जागेत, फरशीवर बसली. मी भाखरीवर काढा ओतला, तिनं डोळे मिटून नवकार मंत्र म्हटला आणि तुकडा पुढे केला.
ठोंब्यानं हुंगला. तिच्याकडे बघितलं.
गिळला!! आणि दुसरा! आणि वर शेपटी!
बाबांनी टाळ्या वाजवल्या. हंसाबेन हात धुवायला पळाली, डोळे पुसायलाही असावी.

२३ जुलै, बुध.
रोज खातोय. उलटी नाही. शी घट्ट (हे आनंदानं लिहीन असं वाटलं नव्हतं). डॉ.ना रोज कळवते.

२८ जुलै, सोम.
पेशी वर! चांगल्या वर! इंजेक्शन दिलं. मी विचारलंच, काढ्यामुळे?
"पेशी आपोआपही वर येतात. खायला लागलाय, त्यानंही. काढ्यानं किती, ते मला नाही सांगता येणार." मग ठोंब्याचे कान खाजवत, "पण चालू ठेवा."
चालू ठेवा म्हणाल्या! रिक्षात बाबांना फोन, मग हंसाबेनला. ती फक्त "सारुं, सारुं", बरं झालं, म्हणत राहिली. मागे कुकरच्या शिट्ट्या.

६ ऑगस्ट, बुध.
जबड्याखाली हात घातला, गाठ सापडेना. बाबांनी चाचपलं, त्यांनाही नाही. संध्याकाळी सुभानपुऱ्याच्या बागेत कबुतरामागे धावला. धावला! मी पट्टा सोडून ओरडत मागे, लोक बघत होते, बघोत.

स्वातीला सांगितलं तर ती किंचाळलीच. मग म्हणाली, एक व्हिडिओ दे ना, अळंबीनं कुत्रा बरा झाला म्हणून. खूप मोह झाला, कारण आतून मलाही तसंच वाटतंय. पण इंजेक्शनं चालू आहेत हे त्यात सांगितलं नाही तर कुणीतरी आपल्या कुत्र्याची बंद करेल. सगळं सांगते, मग चालेल? म्हटलं. विचार करून सांगते म्हणाली. आवाज पडला होता तिचा.

२० ऑगस्ट, बुध.
काल डॉ.ना ठोंब्याच्या मागच्या पायात, गुडघ्यामागे, वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलंय. गाठ असेल, नसेलही. शुक्रवारी सुई घालून बघणार. जीव हलका झाला होता, पुन्हा मुठीत. पण ठोंब्याला पत्ता नाही. तपासायच्या टेबलावर डॉ. मेघांचं पेन पळवत होता.

पर्युषण सुरू झालं. हंसाबेननं अठ्ठाई धरलीय, आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी. काल रात्री म्हटलं, या दिवसांत तरी काढ्याला हात लावू नको, मी बघते कसंबसं.  आज सकाळी दार उघडलं तर ती आधीच फरशीवर बसलेली, मांडीवर ताटली, त्यात गरम भाखरी. स्वतः उपाशी, आणि पीठ मळून, शेकून. ठोंब्या एवढा चिकटून बसला होता की तिला हात हलवता येईना. मी वाटी घेऊन टेकले.
गुडघ्याचं सांगितलं. ऐकत राहिली, तुकडे करत राहिली. शेवटचा तुकडा गेल्यावर म्हणाली,
"शुक्रवारे हुं पण आवीश."
कुत्र्यांच्या दवाखान्यात, उपासात, रिक्षानं. बाबा आतून म्हणाले, मग मीही येतो.
चौघं कशी मावणार कोण जाणे. ठोंब्याला मांडीवर घेऊ.