जाड टायरची सायकल

बाबा, काल मी सायकल घ्यायला कल्याणला गेले होते आणि हात हलवत परत आले. दुकानदाराने दोन सायकली पुढे आणल्या. एक जाड टायरची, पुढे स्प्रिंग नसलेली, दणकट. दुसरी हायब्रीड, टायर बारीक, वजनाला हलकी. "मॅडम, डांबरावर एक पायडल मारा, बघा कशी पळते," तो म्हणाला. मारलं, आणि सायकल अशी पळाली की मी तिच्यावर भाळलेच.

खरं तर मला सायकल निवडायची नव्हतीच, शाळा निवडायची होती. पर्समध्ये बदलीचा अर्ज भरून तयार होता. मुरबाडची शाळा, दारापर्यंत डांबर, तिथे हायब्रीडच हवी. आत्ताची शाळा डोंगरातल्या पाड्यावर. जीप फाट्यावर सोडते, पुढे तासभर दगडमातीची वाट. जीप चुकली की पोरं ओट्यावर वाट बघून घरी जातात, आणि पाड्याला शिकवणारी मी एकटीच. पावसाळ्यात तर मी अगदी जेरीला येते.

दुकानात तुमची फार आठवण आली. टोकावड्याच्या तुमच्या सायकल दुकानात गिऱ्हाईक आलं की तुम्ही आधी त्याला चपला काढायला लावायचात, उलट्या करून तळ बघायचात आणि मगच सायकल दाखवायचात. लोक हसायचे. सातवीत मी बारीक टायरच्या रेसच्या सायकलीसाठी हटून बसले, तेव्हा माझ्याही चपला तुम्ही चारचौघांत उलट्या केल्यात. "रस्ता सांगताना माणूस डांबर सांगतो गो, चिखल सांगत नाय. ह्यो चिखल कुनाचा? तुझाच ना? मंग?" असं म्हणून जुन्या सामानातून जोडलेली जाड टायरची सायकल माझ्या हातात दिलीत. मी महिनाभर तुमच्याशी धड बोलले नाही.

काल मीही दुकानातल्या स्टुलावर बसून चप्पल उलटी केली. तळ लख्ख! कल्याणला जायचं म्हणून नवी घालून गेले होते ना. माझं मलाच हसू आलं. घरी येते तर उंबऱ्याबाहेर शाळेच्या चपला. तळाच्या खाचांत लाल माती घट्ट बसलेली, टाचेत एक बारीक खडा रुतलेला. किती तरी वेळ मी त्या हातात धरून बसले. दोन पोरांना आता कुठे जोडाक्षरं वाचता यायला लागली आहेत, बाबा. आज पुन्हा जाऊन जाड टायरची घेऊन आले. जड आहे, चढावर दम काढते. पण वाट अर्ध्या वेळात सरेल, आणि जीपची वाट बघणं संपलं. सोमवारी प्रार्थनेच्या आधी मी ओट्यावर असेन.

हे बदलीच्या अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय, म्हणजे आता अर्जही जायचा नाही, आणि तुम्हीच नाही म्हटल्यावर पत्रही कुठे जायचं नाही. आणि एक सांगायचं राहिलं. सातवीतली ती सायकल मला दुसऱ्याच दिवशी आवडली होती. महिनाभर उगाच तोंड फुगवून बसले.