थर्मासचं झाकण

आई,

वरच्या वाडीतल्या म्हातारीने आज मला जवळजवळ हाकलूनच दिलं. "मला काय सांगतीस? बाईंस्नी सांग जा," म्हणाली. बाई म्हणजे तू, आणि तू जाऊन एकवीस वर्षं झाली हे तिला चांगलं माहीत आहे, तुझ्या मातीला ती वाडीतून चालत आली होती. तरी म्हणाली, आणि अशा सुरात म्हणाली की मी सरळ सायकल काढली. म्हणून घरी आल्या आल्या, अंघोळसुद्धा न करता, घामट कपड्यांतच वही घेऊन बसले आहे. सांगायचंच आहे तर आता मध्ये चहा नाही की फोन नाही.

आधी एक ऐक, तुला हसू येईल. बावन्नाव्या वर्षी मी सायकलवाली झाले आहे. भोरमध्ये आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. त्यात बँकेतले आहेत, शाळेतले आहेत, एक दातांचा डॉक्टर आहे आणि कचेरीतली अव्वल कारकून मी. पुण्याची पोरं हेल्मेट घालून भाटघरच्या धरणाकाठी सायकली चालवायला येतात आणि आम्हाला रस्ते विचारतात. म्हणून गटाने ठरवलं, आपल्या भागातले चांगले रस्ते मोबाईलच्या नकाशावर नीट आखून द्यायचे. पाणी कुठे मिळेल, सावली कुठे, कुत्री कुठे मागे लागतात, सगळं लिहायचं. सगळ्यांचा लाडका रस्ता समुद्राचा. वरंध घाट उतरून महाड, आणि तिथून खारा वारा तोंडावर येईपर्यंत. तो मी दुसऱ्यांना खुशाल देऊन टाकला. मी मागून घेतला तो भोर, कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी आणि तिथून वरच्या वाडीचा. म्हणजे तुझा, तुझ्या नर्सच्या फिरतीचा.

मार्गासनीच्या पुढे वाडीला जायला दोन रस्ते आहेत. एक ओढ्यातून सरळ, आणि दुसरा डोंगराला वळसा घालून, त्याच्या दुपटीहून लांब. ओढ्यावर आता पूल झालाय. पूर्वीचे दगडधोंडे गेले, रस्ता पाटासारखा गुळगुळीत आहे. त्यामुळे आमचा दातांचा डॉक्टर म्हणाला, "ताई, पुलावरून सरळ जाऊ की. वळशाला नुसता चढ आहे." मी म्हटलं, नकाशात वळशाचाच रस्ता जाणार. तो म्हणाला, पण का? मी म्हटलं, जाणार म्हणजे जाणार. हट्टीपणा तुझाच घेतलाय, त्यात काही कमी नाही. पण त्या 'का'चं उत्तर मी बेचाळीस वर्षं कुणालाच दिलेलं नाही.

चैत्रातला दिवस होता. मी दहा वर्षांची, शाळा सकाळची असायची, त्या दिवशी मला सुट्टी होती. तू दवाखान्यातून पोलिओचे डोस घेतलेस. रुंद तोंडाचा तो निळा थर्मास, त्यात फोडलेला बर्फ आणि बर्फात डोसांच्या बाटल्या. थर्मास कापडी पिशवीत घालून तू हँडलला अडकवलास आणि मला कॅरिअरवर बसवलंस. ओढ्याच्या अलीकडे एका शेतात बाई निंदत होती. तिच्या सुनेला सातवा लागला होता, म्हणून तू सायकल करंजाच्या झाडाला टेकवून बांधावर गेलीस. "थर्मासला हात लावू नगंस," एवढं सांगून गेलीस. आपल्या घरी तेव्हा फ्रीज कुठला? बर्फ मी फक्त जत्रेत, गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेला. तू पाठमोरी होतीस. मी झाकण फिरवलं, एक तुकडा काढला, तोंडात टाकला आणि झाकण परत लावलं. ते तिरकं बसलं.

मग तू आलीस, आणि आपण ओढ्यात उतरलो. दगडांतून सायकल चालवता येत नव्हती, तू ढकलत पुढे आणि मी मागे. पिशवीची खालची बाजू ओली होताना मला दिसत होती. पलीकडच्या चढावर धुळीत थेंब पडत होते, एकामागे एक, आणि मी त्यांवर पाय देत चालले होते. तोपर्यंत सांगितलं असतं तरी चाललं असतं. निम्मा बर्फ तरी शिल्लक होता. पण मी गप्प राहिले, कारण तुझ्या हाताची चापट मला माहीत होती. एवढंच कारण.

वाडीत बाया पोरांना काखेत घेऊन बसल्या होत्या. रोजावर न जाता थांबल्या होत्या त्या. तू पिशवी सोडलीस तर झाकण आपसूक तुझ्या हातात आलं. आत नुसतं कोमट पाणी. तुझा चेहरा पाहून एक तरणी बाई म्हणाली, "द्या की बाई तसंच. कुणाला कळतंय?" तीच आजची म्हातारी. तू म्हणालीस, "मला कळतंय ना." आवाज चढवला नाहीस की काही नाही. मग सगळ्यांकडे वळून म्हणालीस, "बायांनो, औषध उन्हानं गेलं. चूक माजी हाय. ओढ्याच्या गचक्यांनी झाकान निघालं, म्या बघितलं न्हाई. तुमी हितंच थांबा, मी दुसरं घेऊन येते." आणि मला त्या बाईपाशी ठेवून तू उलटी फिरलीस. तिने मला भाकरी आणि कांदा दिला.

दवाखान्यात काय झालं ते मला फार उशिरा, तुझ्याबरोबरच्या शिपाईबाईकडून कळलं. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तुम्हाला साधं झाकण लावता येत नाही?" तू म्हणे "पुन्हा व्हायचं नाही, साहेब," एवढंच म्हणालीस. ऊन कलायच्या आत तू नवा थर्मास घेऊन परत आलीस, झाकणावरून सुतळीचे चार वेढे घातलेले. या खेपेला ओढ्यातून आली नाहीस, वळशाने आलीस. साडी पाठीला चिकटली होती. एकूण एक पोराला डोस पाजलास आणि मग घोटभर पाणी प्यायलीस.

त्या दिवसापासून ओढ्याचा रस्ता तू सोडलास तो कायमचा. नोकरी संपेपर्यंत, दर खेपेला वळसा आणि तो चढ. आप्पा चिडवायचे, "सरकार तुला लांबच्या रस्त्याचा भत्ता देतं का?" तू म्हणायचीस, "सावलीचा रस्ता हाय. आन् माजं मन थाऱ्यावर ऱ्हातं." पुढे तुझे गुडघे सुजायला लागले. चुलीपुढे बसून तू मिठाच्या गरम पाण्याने शेकायचीस, आणि पातेलं मी आणून द्यायचे. मायेने आणून देते असं तुला वाटायचं. माया होतीच गं, पण पातेलं आणायला मी का धावायचे ते मला ठाऊक होतं. त्या ओढ्याने तुझं काही बिघडवलं नव्हतं. मी बिघडवलं होतं, आणि तू त्या रस्त्यालाच दोष देऊन आयुष्यभर लांबून गेलीस.

गेल्या महिन्यात गटाला घेऊन पहिल्यांदा वळशाने वर गेले तेव्हा त्या म्हातारीनेच सगळ्यांना ताक पाजलं. कौतुकाने सांगत होती, "आमच्या नर्सबाई ह्याच रस्त्यानं यायच्या. ओढा त्यास्नी लाभला न्हाई." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, आणि मी पुन्हा गप्प बसले. दहाव्या वर्षी भीती होती. बावन्नाव्या वर्षी कसली? घरी येईपर्यंत मला माझाच संताप आला. त्याच दिवशी ठरवलं, हे संपवायचं.

आज सकाळी थर्मासमध्ये बर्फ भरला, झाकण घट्ट फिरवलं, वरून सुतळी बांधली आणि एकटीच निघाले. कापूरहोळला वडापावचा वास सुटला होता, तरी उतरले नाही. मार्गासनीला पुलाकडे पाहिलंही नाही. वळशाच्या चढावर मात्र दम निघाला. गेल्या खेपेला तिथे मी उतरून सायकल ढकलली होती. आज तू शिकवलेलं आठवलं, "चढ दिसला की मान वर करायची न्हाई. चाकाच्या म्होरं चार हात बघायचं." चार हात, मग पुन्हा चार हात. मांड्या पेटल्या, पण पाय जमिनीला लागू दिला नाही. तू हा चढ गिअर नसलेल्या सायकलीवर, साडीत, दुखऱ्या गुडघ्यांनी चढायचीस. ते नुसतं माहीत असणं वेगळं आणि मांड्यांनी कळणं वेगळं.

म्हातारी अंगणात वाल सोलत होती. मी तिच्या हातावर बर्फाचा तुकडा ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. बर्फ तिच्या सुरकुत्यांतून वितळत होता, तिने तो टाकला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाईंस्नी सांगितलंवतंस?" म्हटलं, न्हाई. तेव्हा ती ते म्हणाली, जे मी सुरुवातीलाच लिहिलं. मग उरलेला बर्फ तोंडात टाकून म्हणाली, "लई गार हाय गं," आणि पुन्हा वाल सोलू लागली.

तर आता सांगितलं. नकाशात वळशाचा रस्ता राहील, आणि खाली का ते मी लिहिणार आहे, माझ्या चुकीसकट. येत्या रविवारी गटालाही तोंडाने सांगणार. दातांच्या डॉक्टरला काय वाटायचं ते वाटो. ही पानं मात्र फाडून सायकलच्या पिशवीत ठेवते, पंक्चरच्या सामानाखाली.

आणि एक राहिलं. म्हातारीला मी एकच तुकडा घेतल्याचं सांगितलं, वर तुलाही तसंच लिहिलं. दोन घेतले होते, आई. पहिल्या वेळी झाकण मी नीट घट्ट लावलं होतं. तुकडा विरघळला तरी तू अजून बांधावर बोलतच होतीस, म्हणून पुन्हा उघडलं.